आमच्या पुढच्या खोलीतला हळद्या

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. कपाटात रिकाम्या पिशव्या साचतात तसे ते साचतात. एक ओढायला गेलं की चार अंगावर पडतात. आमच्या पुढच्या खोलीत वर्षभर एक गेम तयार होत होता, तिथले हे किस्से. आता जीव भांड्यात पडलाय, म्हणून हसत सांगते.

गेम मुळात जुना. छोटे छोटे राक्षस पकडायचे, पाळायचे आणि त्यांची कुस्ती लावायची. हौशी लोक तो उघडून आतली गावं, राक्षस, बोलणं सगळं बदलतात म्हणे. माझी लेक सोनल आणि तिची मैत्रीण रुबिना यांनी त्यात आपला जिल्हा बसवायचं ठरवलं. मी दहावी झालेली, म्हणून शुद्धलेखन माझ्याकडे. आणि खेळून बघणार सोनलचे बाबा. ते एसटीत कंडक्टर होते. लकव्यानं उजवा हात गेला आणि बोलणंही. कळायचं सगळं, पण 'हं' आणि 'न्हाई' याच्या पुढे काही निघत नव्हतं. नांदेडचे डॉक्टर म्हणाले होते, "शब्द तुम्ही पुरवू नका. गरज पडली की ते बोलतील."

*

पहिला राक्षस हळद्या. पिवळाधमक, समोरच्यावर हळद फेकणारा. पण त्यानं हळद फेकली की शत्रूची ताकद कमी व्हायच्या ऐवजी वाढायची! रुबिना दोन दिवस चूक शोधत बसली. शेजारच्या कमलबाई मार्केटात हळद निवडायला जातात. त्या डोकावून म्हणाल्या, "बराबरच हाय की. हळद लावल्यावर जखम भरंल न्हाई तं काय व्हईल?"

हळद्या तसाच ठेवला. तो आजवर एकही कुस्ती जिंकलेला नाही.

*

गेममधल्या माणसांनी भेटल्यावर काय म्हणायचं, यावर दोघींचं वाजलं. सोनल म्हणे जयभीम, रुबिना म्हणे सलाम, कमलबाईंचं रामराम. शेवटी तिन्ही घातलं. आता त्या गावात कुणालाही काही विचारायला जा, निम्मा वेळ रामरामातच जातो.

*

डॉक्टरांचं मला पाळता येत नव्हतं. एकदा ह्यांनी डावा हात हलवला. मी लगेच पाणी, चहा, चष्मा, गोळी असं सगळं विचारून टाकलं. ह्यांनी डोळेच मिटून घेतले. रुबिना म्हणाली, "काकू, गेममध्येबी एवढे ऑप्शन न्हाईत. जरा बाजूला सरका, तुमी पंख्याच्या आड उभ्या हाव."

*

कुस्तीत राक्षसाचं अंग आखडतं, तिथं रुबिनानं सरळ 'लकवा झाला' असं लिहून ठेवलेलं, आणि एक दिवस तेच ह्यांच्या हातातल्या मोबाईलवर आलं. रुबिनाचा चेहरा उतरला. सोनल खोडायला धावली. ह्यांनी "न्हाई" म्हणून मोबाईल छातीशी धरला. मग डाव्या अंगठ्यानं औषध शोधलं आणि हळद्याला दिलं. खाली अक्षरं आली, 'लकवा गेला.'

गेममधल्या पुढच्या दुकानात ह्यांनी दुसरं काहीच घेतलं नाही. पिशवीभर तेच औषध.

*

मग एसटी आली. गेममधल्या नकाशात सोनलनं हिंगोलीहून वसमतची गाडी सोडली होती, आणि ती चालली होती कळमनुरीवरून. ज्या रस्त्यावर ह्यांनी उभ्यानं नोकरी काढली, तोच रस्ता! ह्यांनी गाडी परत हिंगोलीला नेली, पुन्हा बसले. पुन्हा कळमनुरी. सोनलकडं पाहिलं, तर ती लॅपटॉपमध्ये. माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सोनलनं न बघताच माझं मनगट दाबलं.

ह्यांचा चेहरा लाल झाला. ओठ दोनदा हलले.

"वसमतची गाडी," ते म्हणाले, आणि थांबले. "औंढ्यावरून जाती. कळमनुरीवरून न्हाई."

लकव्यानंतर आठ महिन्यांनी. मी कणकेचे हात तसेच धरून बसले.

सोनल म्हणाली, "बरं बाबा, दुरुस्त करते," आणि पाठ फिरवून बराच वेळ दुरुस्त करत राहिली.

पोरगी दोन वर्षं वसमतला कॉलेजात होती. रोज त्याच गाडीनं, औंढ्यावरून.