कांतिशेठनी न विकलेले टायर

कांतिशेठ गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आधी बघत नसत. ओतूरच्या एसटी स्टँडामागे त्यांचं टायरचं दुकान होतं. कोणी गाडी लावली की ते गल्ल्यावरून उठत, पँट गुडघ्यापाशी चिमटीत धरून उकिडवे बसत आणि जुन्या टायरवरून तळहात फिरवत. मग तिथूनच बोलत. "मधोमधच घासलाय. तुमी हायवेचं गिऱ्हाईक." नाहीतर, "दोन्ही कडा गेल्यात. हवा कमी ठेवता राव. पंपावर थांबायला पण वेळ न्हाई का?" ऐकणारा निम्म्या वेळा खजील व्हायचा. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ पक्के ओतूरचे. बोलण्यात तर माझ्यापेक्षा जास्त.

मी डिंगोऱ्याचा. ओतूरला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. घर्षण या विषयावर मी फळ्यासमोर तासभर बोलू शकतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. चाळिशी उलटल्यावर मला लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घ्यायची हौस आली. हेल्मेट, जाकीट, पेट्या, सगळा थाट. दोन-अडीच वर्षांत टायर गुळगुळीत झाले तेव्हा माझे सासरे म्हणाले, "पावणं, कांतिशेठकडं जावा. दुसरीकडं फिरू नका." सासरे डिंभ्याचे. त्यांना मी मामा म्हणतो, बाकी सगळे आबा. त्यांच्या ट्रॅक्टरला पहिल्यापासून शेठचेच टायर.

मला हवे होते रबराच्या मोठमोठ्या गठ्ठ्यांचे, चिखलातले टायर. मोबाइलवर व्हिडिओ बघून डोकं फिरलेलं. शेठनी विचारलं, "गाडी कुठं कुठं जाती, सर?"

"माळशेज. कोकण. सासरी डिंभ्याला."

"म्हंजे डांबरावरच. मग हे नांगरटीचे टायर कशाला? ह्या गठ्ठ्यांमधी फट आसती. वल्या डांबराला टेकायला रबर किती उरलं, तुमीच सांगा." मग नेहमीचं वाक्य आलं, "टायर बघायचा नसतो सर, टेकवायचा आसतो. मागं वैनी बसतात. मी न्हाई देणार."

आमच्या कॉलेजातले दोघे तिथंच उभे होते. त्यातला एक फिसकन हसला. माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "शेठ, शिकवायचं काम माझं आहे, तुम्ही विकायचं बघा." शेठ नुसते "बरं" म्हणाले आणि हात पुसत गल्ल्यावर जाऊन बसले.

मी तेच टायर ऑनलाइन मागवले. शेठकडे बसवायला न्यायचं तोंड नव्हतं, म्हणून हायवेवरच्या एका पंक्चरवाल्याकडून बसवून घेतले. गाडी काय रुबाबदार दिसायची.

श्रावणात डिंभ्याहून परत निघालो होतो. धरणाच्या पुढच्या उतारावर रस्ता ओला, वळण काही फार मोठं नाही. मागचं चाक सरकलं आणि आम्ही दोघं आडवे. मला खरचटलं. सुनंदाचं, माझ्या बायकोचं, उजवं मनगट मोडलं. अजूनही भाकरी थापताना तिचा हात मध्येच थांबतो. ती बोलत नाही, पण मला दिसतं.

घोडेगावच्या दवाखान्यात मामा आले. लेकीचं प्लास्टर बघितलं आणि मला विचारलं, "टायर कुठून घेतलं व्हतं?"

खरं सांगायला एक क्षण होता. पण त्यांचं ऐकलं नाही, वर नखरे करून त्यांच्या लेकीचा हात मोडला, हे कोणत्या तोंडानं सांगणार? मी म्हणालो, "कांतिशेठकडून."

बाजाराच्या दिवशी मामांनी मला गाडीसकट दुकानात नेलं. बाजारची गर्दी, निम्मी ओळखीची. मामा म्हातारे, पण आवाज खणखणीत. "शेठ, आमी तुमच्यावर डोळं झाकून इस्वास ठेवला. हे काय बसवून दिलंत? लेकीचा हात मोडला." शेठ सवयीनं उकिडवे बसले. ते बसवलेल्या प्रत्येक टायरवर आत रिमजवळ पिवळ्या रंगानं खूण करत. त्यांनी तिथं बोट फिरवलं. खूण नव्हतीच. मग पहिल्यांदाच त्यांनी टायरवरची नजर काढून माझ्या तोंडाकडे बघितलं. मी बाजाराकडे बघत होतो.

"ताईंचा हात कसा हाय?" त्यांनी मामांना विचारलं.

"प्लास्टरात हाय."

"चुकलं आबा माझं," शेठ म्हणाले. तिथल्या तिथं त्यांनी दोन्ही टायर बदलून दिले, साधे, डांबरावरचे. पैसे घेतले नाहीत. ओतूरभर झालं की शेठचे टायर घसरतात. पुढं ट्रॅक्टरवाले चार जण जुन्नरला जाऊ लागले, हेही माझ्या कानावर आलं.

दोन आठवड्यांनी मी एकटा दुकानात गेलो. तोंड उघडायच्या आत शेठ म्हणाले, "राहू द्या सर. सासरा जावयाच्या तोंडाकडं जलमभर बघतो. टायरवाल्याकडं चार वर्षांनी एकदा." मग म्हणाले, "वैनीला तेवढं खरं सांगा." लाज अशी की मला सुटल्यासारखं वाटलं. मी हसलोसुद्धा. आणि सुनंदाला काही सांगितलं नाही.

त्यांच्यात, जैनांत, पर्युषण संपलं की वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात. शेठ त्यासाठी स्कूटरवरून गिऱ्हाइकांच्या घरी जायचे. त्या वर्षी डिंभ्याला जाऊन मामांपुढे हात जोडून आले. मामांनी मला फोनवर मोठ्या मनानं सांगितलं, "म्या म्हटलं, जाऊ द्या शेठ, मानूस हाय." मग शेठ आमच्या दारात आले. "मिच्छामि दुक्कडम्, सर. त्या दिवशी चारचौघांत टायर न्हाई दिला, मन दुखवलं असंल." समोरच्यानं उलट तेच म्हणायचं असतं. दोन शब्द. मला ते येत होते. मी म्हणालो, "या ना शेठ, चहा घ्या." शेठ म्हणाले, "आज नको," आणि गेले.

गेल्या महिन्यात कांतिशेठ वारले. मामांना घेऊन मी भेटायला गेलो. बैठकीत पंधरा-वीस माणसं होती. मामा शेठच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "लई सरळ मानूस. हयातीत एकदाच चुकला, ते पण आमी कवाच इसरलो." मुलानं मामांपुढे हात जोडले. "पप्पांची तेवढी चूक पोटात घाला," तो म्हणाला. मी शेजारीच बसलो होतो. सतरंजीचे दोरे मोजत.

घरी येऊन मी हे लिहिलं आणि काल सुनंदाला वाचून दाखवलं. शिकवतो त्या आवाजात सुरुवात केली, दवाखान्यापाशी आलो तेव्हा तो आवाज उरला नव्हता. भाकरी थापता थापता तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग हात धुऊन माझा मोबाइल घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला.

"आबांना तुम्ही सांगताय का मी सांगू?"

मी फोन लावला. मामांनी लगेच उचलला.

"बोला, पावणं."