कापलेला टाळ

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं चालू होतं. चौथीत शाळा सुटली, पुढं जन्म कारखान्यात, पत्रा ठोकायच्या पॉवर प्रेसच्या दणदणाटात गेला. टाळ मात्र सोडला नाही. थेरगावच्या आमच्या भजनी मंडळात टाळकरी मी एकटाच.

सून आयटी कंपनीत, पण रेकॉर्डिंगचा तिला नाद. देवळात माईक लावून तिनं आमचं भजन भरून घेतलं. "अण्णा, यात मुंगी चालली तरी ऐकू येईल," म्हणाली.

रविवारी मंडळ आमच्या सातव्या मजल्यावरच्या घरी ते ऐकायला जमलं. सुनेनं रेकॉर्डिंग लावलं. पेटी ऐकू आली, पखवाज ऐकू आला. माझा टाळ कुठंच नाही.

"टाळ कुठाय?"

सून म्हणाली, "अण्णा, आधी चहा घेऊ."

मी हटलो नाही. आवाजाचं चित्र निघतं, खाली जाड आवाज, वर बारीक, हे तिनंच मला दाखवलेलं. "काढ ते चित्र. सगळ्यांपुढं."

तिनं लॅपटॉप उघडला. सगळीकडं रंग, आणि वरच्या अंगाला या टोकापासून त्या टोकापर्यंत काळा पट्टा. शेतात चर खणल्यागत.

"बघा! मशीनच खराब हाय."

"मशीन चांगलं आहे, अण्णा." ती खाली बघत होती. "तुमच्या पुढचा माईक बंद केला, तरी टाळ बाकीच्या माईकांत शिरला होता. म्हणून तेवढा पट्टा कापला."

"कुणाच्या हुकमानं?"

"माझ्या," पखवाजवाला म्हणाला. माझ्याच वयाचा, प्रेसवर शेजारी उभा राहिलेला. "वर्ष झालं राव, तू ठेक्यावर उशिरा येतोस. प्रेसनं कान खाल्लं तुझं."

"तुझीच बोटं जड झालीत."

"व्हय, तसं म्हण."

कोणी हसलंसुद्धा नाही. उठून जावं तर घर माझंच. त्यांना जा म्हणावं तर चहा आलेला. मंडळ सोडावं तर त्याचं खरं ठरणार, राहावं तर सगळे माझ्या हाताकडं बघत बसणार. चहा प्यालो.

ते गेल्यावर सुनेला म्हणालो, "कापायच्या आधीचं चित्र लाव."

पखवाजाची थाप म्हणजे खाली उभी रेघ, टाळ म्हणजे वर. दोन्ही एकाखाली एक पाहिजेत. माझी दर वेळी जराशी पुढं सरकलेली, उशिराची. कान हे कधी बोलले नव्हते.

"बंद कर," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकड आरतीला सगळ्यांच्या आधी देवळात गेलो. माझी जागा पेटीपलीकडं, खांबापाशी. ती सोडून पखवाजाच्या समोर बसलो, त्याचे हात दिसतील असा.

"आज इकडं?" त्यानं विचारलं.

"तिकडं पंख्याचं वारं लागतं," म्हणालो, आणि टाळ हातात घेतला.