गाठ कुठं मारली ते पाहा

मंडळी, आज सकाळी भाचीसोबत आंजी गावाला गेलो होतो. तिनं भाजीवाल्या शेतकऱ्यांसाठी पेरणीचं छोटं यंत्र बनवलंय. महिन्यापूर्वी एका काकांना वापरायला दिलेलं यंत्र पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. मुठीला सुतळी गुंडाळलेली, बियांच्या डब्याला सायकलची ट्यूब बांधलेली!

"मामा, माझ्या डिझाइनची वाटच लावली यांनी!"

मला हसूच आलं. ऐंशीच्या दशकात पिपरीत मी नवंनवं वर्कशॉप टाकलं, तेव्हा निंदणीसाठी, म्हणजे तण काढायला, बनवलेला माझा हातडवरा असाच चिंध्यांनी बांधलेला दिसला होता. मी जाम भडकलो. सोबत बाबाराव होते. अवजारांचा कारखाना शून्यातून उभा केलेला माणूस. ते म्हणाले, "काऊन चिडून राह्यला बे? कामाचा नसता तर त्यानं फेकून देल्ला असता. बांधून वापरते, म्हणजे त्याले पायजे आहे. जिथं गाठ मारली, तिथं तुह्यं काम बाकी आहे."

मग मी गावोगाव गाठीच पाहत फिरलो. माझा धंदा त्यावरच उभा राहिला.

भाचीला हे सांगितलं. ती सरळ काकांजवळ गेली. "काका, ही ट्यूब काऊन बांधली?"

"बी सांडत होतं ना पोरी," म्हणत काकांनी खुशीनं सगळं दाखवलं.

तुमच्या कामाला लोकांनी कुठं गाठ मारलीय, पाहिलंय कधी?

आणि हो, निघताना बांधावरच्या बाभळीला माझ्याच वर्कशॉपचा जुना हातडवरा लटकलेला दिसला. त्याला एकच दोरी होती, झाडाला टांगायची.