सोलापुरात पाहिलेला सिनेमा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. महालिंग जाऊन पंधरवडा झाला. रोज लिहायला बसतो आणि खोडतो. त्याच्याविषयी लिहिणं सोपं आहे — माझ्याविषयी लिहायचं म्हटलं की हात अडतो.

आमचं गाव अणदूरच्या बाजूला. मी शाळेत मास्तर, महालिंग दूध संस्थेत दूध तपासायला. तळहातावर चार थेंब घेऊन जिभेला लावायचा आणि पाणी किती ते सांगून टाकायचा. लॅक्टोमीटर, ती काचेची नळी, नंतर बुडवायचा, नुसता तिचा मान राखायला. माझं त्याच्यावर प्रेम होतं. त्याचं माझ्यावर. हे लिहायला मला चाळीस वर्षं लागली — आणि कबुली ही नव्हेच. ती पुढं आहे.

दुष्काळाचा उन्हाळा होता. चारा नव्हता, दूध निम्म्यावर आलेलं, संध्याकाळचं संकलन बंद. म्हणून त्याला सवड मिळाली. सोलापुरात परदेशी सिनेमांचा महोत्सव होता, तिथं आम्ही एसटीनं गेलो.

सिनेमात दोन पुरुष एका म्हातारीच्या घरात भाड्यानं राहतात. म्हातारी पहिल्या दहा मिनिटांत मरते. घर सुटू नये म्हणून हे दोघं तिला नटवून खिडकीत बसवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला तिचा हात हलवून दाखवतात. धर्मगुरू येतो, तिच्यापुढं स्वतःचीच पापं सांगतो आणि इतकं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तिचे आभार मानतो. आणि तिच्या पाठीमागं हे दोघं भांडतात, स्वयंपाक करतात, एकमेकांचे मुके घेतात. त्यांना शिक्षा कुणीच करत नाही. असं कुठं असतं का? तिथं होतं.

माणसं उठून जाऊ लागली. महालिंग लिंगायत, माझ्या कानाशी म्हणाला, "आमच्यात मेलेल्याला बसवूनच पुरत्यात. ह्यांनी निस्ती खिडकी वाढवलीया."

मी इतका हसलो की पुढच्या माणसानं वळून बघितलं. अंधारात त्याचा हात माझ्या हातात होता.

महोत्सवाचं माहितीपत्रक त्यानं घडी करून खिशात ठेवलं. त्यात त्या दोघांचा फोटो होता, गालाला गाल लावलेला. दोन दिवसांनी सकाळी ते संस्थेत कुणाच्या तरी हाती लागलं. मी दूध घालायला गेलो, तर ते या हातातून त्या हातात फिरत होतं आणि लोक हसत होते. चेअरमन म्हणाले, "गुरुजी, तुमी बी व्हता म्हनं ह्याच्या संगं?"

काय म्हणायला हवं होतं? नुसतं 'होतो', एवढंच ना? मी म्हणालो, सिनेमा कसला ते मला ठाऊक नव्हतं — कळल्यावर किळस आली, अर्ध्यातून उठलो. हा मात्र आत बसून राहिला.

किळस म्हणालो मी. त्याच्यासमोर.

महालिंगनं लॅक्टोमीटर फडक्यानं पुसला. "व्हय," तो म्हणाला. "गुरुजी भाईर चहाच्या गाड्यावर व्हते. म्या एकट्यानंच बगितला."

दुसऱ्या दिवशी रांगेतली एक बाई म्हणाली, "चाखू नगं बाबा आमचं दूध. काचंनंच बघ." मग सगळेच म्हणू लागले. महिनाभर तो दुधाला हात न लावता दूध तपासत राहिला. नंतर लातूरकडच्या एका डेअरीत गेला, तो कायमचा. त्याला एसटीत बसवून द्यायला मी गेलो नाही.

दर दिवाळीला त्याचं कार्ड यायचं. माझ्या डोळ्यांची चौकशी, नवीन काय वाचलं त्याची चौकशी. त्या सकाळबद्दल एक अक्षर नाही.

परवा त्याच्या थोरल्या बहिणीला, गौराक्काला, भेटायला गेलो. ऐंशीच्या पुढं आहे ती. चहा दिला, समोर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, त्या शिनेमात असं व्हतं तरी काय वो, की माझ्या भावाला गाव सोडावं लागलं? लई वर्सं झाली, कुणाला इचारावं तेच कळंना. तुमी तर भाईरच व्हता म्हना."

तिला सांगू शकेल असा मी एकटाच उरलो आहे. कदाचित ती हसलीही असती — त्याच्यासारखीच.

मी बशी खाली ठेवली. म्हणालो, "हो अक्का. मी बाहेरच होतो."