डाव्या खांद्याची गोष्ट

मास्तरांच्या हाताला तोड नव्हती आणि तोंडाला झाकण नव्हतं. गल्लीतल्या एकूण एक ढेऱ्या त्यांनी आपण शिवलेल्या कोटांत बेमालूम लपवल्या होत्या, आणि संध्याकाळी चहाच्या दुकानात बसून त्याच ढेऱ्या ते चवीनं उघड्या करत.

"त्या वकिलांचं माप घेत होतो. टेप संपली, पण वकील काही संपेनात!"

लोक खो खो हसत. वकील रागारागानं दुसऱ्या शिंप्याकडे जात, तिथे कोट बिघडला की तोंड पाडून परत येत. करतात काय!

"अहो, एखादी गोष्ट गिळावी माणसानं," बायको म्हणायची. मास्तर मान डोलवायचे. त्यांना कळत नव्हतं असं नाही, आणि तीच तर खरी पंचाईत होती. चार माणसं समोर बसली की घशाशी गुदगुल्या सुरू होत. जिभेला लगाम नसणं म्हणतात ते हेच. खड्डा दिसतो, त्याची खोली माहीत असते, तरी पाऊल नेमकं त्यातच पडतं.

घरात झाकून ठेवलेली गोष्ट एकच होती. लेकीचा डावा खांदा जन्मापासून खाली होता. तिचा प्रत्येक कपडा मास्तर स्वतः शिवायचे आणि अस्तराच्या आत कापडाची अशी घडी घालायचे, की आरशालाही पत्ता लागू नये. तिची शाळा झाली, औषधांच्या दुकानात नोकरी लागली, लग्न ठरलं. कुणाला काही कळलं नाही.

"त्याला मीच सांगणार आहे, बाबा. माझ्या तोंडानं. तुम्ही मध्ये पडू नका."

"मी? तोंड शिवून घेतो, पोरी!"

मुलाकडची मंडळी जेवायला आली. मुलाचा मामा सहज म्हणाला, "काय सुरेख बसलाय हो हिचा कपडा!" झालं. मास्तर हात पुसत उभे राहिले.

"ओळखा पाहू, हिचा कुठला खांदा खाली आहे?"

मामा म्हणाला उजवा, मुलाची आई म्हणाली डावा. सगळे माना वाकड्या करून तिला निरखू लागले, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसला तो होणारा नवरा. लेकीनं त्याच्याकडे पाहिलं, मग बापाकडे. लग्न तिनंच मोडलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहिली.

मास्तर रडले, बायकोच्या गळ्याची शपथ घेतली. पुढे लेकीला मोठ्या दुकानात मुलाखतीचं बोलावणं आलं. तयार कोट अंगावर लोंबायचा; तो खांदा बापाखेरीज कुणाला सावरता येणार? आईनं मध्यस्थी केली, आणि गिऱ्हाईक नसेल अशा वेळी ती दुकानात आली.

"शेवटचं येतेय, बाबा. एक शब्द बोलायचा नाही."

मास्तरांनी लगेच तोंडात टाचण्या धरल्या. कच्चे टाके घातलेला कोट तिच्या अंगावर चढवला, घडी सरकवली, खडूनं खूण केली. खांदा वर आला. आरशात लेक किंचित हसली. त्यांचे डोळे भरून आले. वाटलं, हे जमतंय.

तेवढ्यात शेजारचे घड्याळवाले डोकावले. "अरे वा, लेक आली! काय शिवताय, मास्तर?"

मास्तरांनी मान हलवली. घड्याळवाले हलेनात. घशाशी तीच ओळखीची गुदगुली उठली. लेक आरशातून त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या नजरेत आधी विनवणी होती, मग भीती. मास्तरांना दोन्ही दिसलं. हात आपोआप तोंडाकडे गेला. एकेक टाचणी काढून ते उशीत खोचत गेले. अजूनही थांबता आलं असतं.

"शिवतोय कसला! तराजूचं खालचं पारडं वर उचलतोय!"

घड्याळवाले हसता हसता दाराला टेकले, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, मास्तरांना फार बरं वाटलं.

लेकीनं कोट काढला, नीट घडी करून टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेली. रस्त्यावरून जाताना तिनं खांदा सावरलासुद्धा नाही. मास्तर ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. आता ती यायची नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं होतं.

मागे घड्याळवाले डोळे पुसत होते. "काय म्हणालात, मास्तर? पुन्हा सांगा ना!"

आणि मास्तरांनी पुन्हा सांगितलं. या वेळी हातानं पारडं करून.