भोरड्यांची बाभळ तोडली हो!

मित्रांनो, घाईघाईत लिहितेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

थंडी सरताना सोलापूरबाहेर आमच्या तळ्याकाठच्या बाभळबनात हजारो भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, रात्रीला उतरतात. दरवर्षी मी इथे फोटो टाकते की! आज संध्याकाळी गेले, तर अर्धं बन आडवं पडलेलं. कुणी तोडलं, कशासाठी, कुणीच सांगेना.

सूर्य बुडाला आणि भोरड्या आल्या. घिरट्या घालत राहिल्या, खाली यायच्या, पुन्हा उठायच्या. उरलेल्या बाभळींवर नुसती चेंगराचेंगरी. जागा मिळाली नाही त्या शेवटी शेजारच्या ज्वारीत घुसल्या.

ती ज्वारी आमचीच. माझे वडील, आबा, दिवसभर शेतातल्या माळ्यावर, मचाणावर, उभं राहून याच पाखरांना गोफणीनं हाकलतात. मी ओरडले, "आबा, ज्वारी खातील की!"

"आंधारात कुटं खात्यात? बसू दे रातच्याला," म्हणत आबांनी गोफण गुंडाळून खिशात घातली.

उरलेलं बन उद्या सकाळी तोडणार आहेत म्हणे. सगळीकडे फोन लावून झाले, कुणीही उचलत नाही. सकाळी तिथे उभं राहायला कोण येतंय?

आबा येतायत. गोफण घेऊन.