विहिरीच्या डब्यातला माझा आवाज

विहिरीतला निम्मा हिस्सा माझ्या नावावर लागला, त्या दिवसापासून धाकट्या दिरानं माझ्याशी बोलणं टाकलं. नवरा गेल्यावर बाईनं गप भाकरी थापाव्यात, हिस्सा मागू नये, असं त्याचं मत. घाल म्हणावं ते मत चुलीत! मला एवढंच हवं होतं, की या माणसानं एकदा तरी तोंड उघडून विहिरीत पाणी किती ते मला विचारावं.

विचारल्याशिवाय त्याचं भागणारही नव्हतं. विहीर एक, मोटारी दोन, आणि दोघांचीही घरं मळ्यापासून लांब, कोपरगावच्या रस्त्याला. मोटार मोबाईलवरून चालू होते, पण विहिरीत पाणी किती ते तिला कळत नाही. कोरडी फिरली की जळते. आणि एकानं सांगितलेल्या पाण्यावर दुसऱ्याचा विश्वास नाही. शेवटी पंचांनी तोडगा काढला, बोलणारं यंत्र बसवा.

सावेडीहून तंत्रज्ञ आला. पाण्यात सोडलेली वायर, खांबावर डबा, डब्यात बॅटरी आणि सिम, वर सोलर प्लेट आणि अँटेना. त्या नंबरावर फोन लावला की डबा पाणी किती ते बोलून सांगणार. पण डब्याला स्वतःचा आवाज नसतो. आकडे कुणीतरी मराठीत बोलून भरावे लागतात. पंच म्हणाले, "या बाई शाळेत असताना बातम्या वाचायच्या. यांचाच भरा."

दीर भिंतीकडे बघत म्हणाला, "कुनाचाबी भरा. मला पान्याशी मतलब."

मी "एक", "दोन", "फूट", "पाणी", "आहे" असे सुटे सुटे शब्द भरून दिले, आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आता त्याला मला विचारायची गरजच उरली नाही. बांधावर समोर आले की मान फिरवायचा, आणि घरी जाऊन माझाच आवाज ऐकून मोटार चालू करायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

या उन्हाळ्यात डब्यात लाल मुंग्यांनी घर केलं आणि डबा मुका झाला. तंत्रज्ञानं तो दुरुस्तीला नेला, सिम तेवढं माझ्या जुन्या मोबाईलात घालून दिलं. "फोन आला तर विहिरीच्या भिंतीवरच्या फुटांच्या खुणा बघून पाणी सांगा. दिरांनाही कळवून ठेवा," म्हणाला. मी कशाला कळवू?

दुसऱ्या दिवशी विहिरीवरच होते, तेव्हा फोन वाजला. त्याचा नंबर मला पाठ होता. आता सुटत नाही तू, म्हणत मी उचलला. पलीकडे तो नुसता आकड्याची वाट बघत होता. इतकी वर्षं साठवलेलं सगळं एकदम ऐकवायचं होतं. पण संतापानं मला धड बोलताही येईना. कसंबसं घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अकरा. फूट. पाणी. आहे."

तो तिकडे बायकोला सांगत होता, "वहिनींचा आवाज बसलाय गं. आजारी हायेत का काय? जाऊन बघ जरा."

"अवो, मशिनीचा आवाज कसा बसंल?"

पलीकडे मीच आहे, हे त्याला तेव्हा कळलं. फोन मात्र त्यानं ठेवला नाही. मीही ठेवला नाही.